शाळेच्या वाटेवर दादांचा फोन कोण वाजवतं?

पत्र :

"आम्ही घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळच्या सोसायटीत राहतो. मुलगी तिसरीत आहे, सकाळची शाळा. आमच्या इमारतीतली चार मुलं एकाच शाळेत जातात, म्हणून दोन घरांनी वार वाटून घेतलेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार खालच्या मजल्यावरचे दादा सोडतात. मंगळवार, गुरुवार मी. दादा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. अडीअडचणीला धावून येणारा माणूस. माझ्या सासऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनीच गाडी काढली होती. पण गाडी चालवताना त्यांचा फोन थांबत नाही. टँकर आला का, लिफ्टवाला कधी येणार, गच्चीची चावी कुणाकडे. बहुतेक वेळा कानात ब्लूटूथ असतो, कधी फोन हातातच. गेल्या शुक्रवारी शाळेच्या अलीकडच्या वळणावर उभ्या गाड्यांमधून एक मुलगा अचानक रस्त्यावर आला. दादांनी करकचून ब्रेक दाबला. मुलगा वाचला, पण माझ्या मुलीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. दादा मुलांना म्हणाले, 'घरी सांगू नका हं, आई उगाच घाबरेल.' मुलीनं हे दोन दिवसांनी रात्री झोपताना सांगितलं. माझे मिस्टर म्हणतात, ब्लूटूथवर बोलतात, हात स्टिअरिंगवर असतात, मग बिघडलं कुठे? आणि एवढे उपकार असलेल्या माणसाला तोंडावर बोलायचं कसं? मी जास्तच काळजी करते का? मी स्वतः रोज सातच्या सुमारास 'पोचलात का' म्हणून फोन करते, तेव्हा तर ते लगेच उचलतात आणि आवाजही अगदी शांत असतो."
— एक आई, ठाणे

ताई,

तुम्ही जास्त काळजी करत नाही आहात. दादांशी बोलायला हवं, आणि मुलं पुन्हा त्यांच्या गाडीत बसण्याआधी बोलायला हवं. कसं बोलायचं ते खाली सांगतेच. त्याआधी तुमच्या लेकीचं.

तिनं दोन दिवस ही गोष्ट पोटात ठेवली. आठ वर्षांच्या मुलीला एका ओळखीच्या, आवडत्या मोठ्या माणसानं 'घरी सांगू नका' म्हटलं होतं, तरी तिनं सांगितलं. तिला जवळ घेऊन सांगा की तू सांगितलंस ते फार बरं केलंस, आणि कुणीही, अगदी घरातल्या माणसानं जरी 'आईला सांगू नकोस' म्हटलं, तरी ते आईला सांगायचंच. दादांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला मान्य आहे. ते घाबरले होते, ओशाळले होते. पण मुलांना असं गप्प बसायला सांगणं चूकच, आणि ते त्यांना कळायला हवं. मात्र बोलताना लेकीला साक्षीदार करू नका. 'ती म्हणाली की तुम्ही...' अशी सुरुवात केलीत, तर पुढच्या वेळी ती गाडीत अंग चोरून बसेल आणि काही झालं तरी सांगणार नाही.

आता तुमच्या मिस्टरांचा प्रश्न. हा प्रश्न प्रामाणिक आहे, कारण आपल्या कायद्याची भाषाही तशीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत हातात धरलेल्या फोनचा वापर घातला गेला. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे लोकांनी अर्थ काढला की हातात नसेल तर चालतं. पोलीस पावती फाडणार नाहीत एवढंच त्यातून ठरतं. समोर आलेलं मूल दिसेल की नाही, हे त्यातून ठरत नाही.

टोरांटोतल्या रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यातून काही सूट मिळालेली दिसली नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात झालेल्या अभ्यासातही हाच चौपटीचा आकडा आला, आणि तिथेही हातात फोन असो वा नसो, फरक पडला नाही. याचं कारण समजायला अवघड नाही. बोलणं ऐकणं, उत्तर जुळवणं, टँकरवाल्याचा नंबर आठवणं हे सगळं जे डोकं करतं, तेच डोकं रस्ता बघत असतं. डोळे समोर असतात, चित्र डोळ्यांवर पडतंही, पण मनापर्यंत पोचत नाही. असा चालक नंतर अगदी खरेपणानं सांगतो की 'तो मला दिसलाच नाही'.

अनेकांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि तुमच्या पत्रासाठी तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोन ठेवला की लक्ष लगेच रस्त्यावर परत येत नाही. अमेरिकेतल्या, रस्ते-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या एएए फाउंडेशननं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आवाजी सूचना देऊन फोन लावणं, मेसेज पाठवणं अशी कामं संपल्यावरही चालकाचं मन त्यात रेंगाळलेलं आढळलं. काही यंत्रणांच्या बाबतीत हे रेंगाळणं २७ सेकंदांपर्यंत टिकलं. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी २७ सेकंदांत ३०० मीटर जाते. म्हणजे मुख्य रस्त्यावरून वळताना 'ठीक आहे, बघतो' म्हणून ज्यानं फोन ठेवला, तो शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत मनानं अजून त्या फोनमध्येच असू शकतो. मिस्टरांना हे हिशेबासकट दाखवा. वाद घालण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

हिशेब निघालाच आहे तर आणखी थोडा करू. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. सावध चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो असं धरा. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी नऊ-दहा मीटर. म्हणजे एकूण वीस-एकवीस मीटर. मन दुसरीकडे असेल आणि एकाऐवजी दोन सेकंद लागले तर बत्तीस मीटर. गेल्या शुक्रवारी त्या मुलाच्या आणि दादांच्या गाडीच्या मध्ये किती अंतर होतं ते आपल्याला माहीत नाही. पण कपाळ सीटवर आपटण्याइतका ब्रेक लागला, यावरून ते फार नसावं.

आणि तो मुलगा 'अचानक' आला असं सगळेच म्हणतात. मुलं शाळेजवळ अचानक येणारच. मैत्रीण पलीकडे दिसली, डबा रिक्षात राहिला, घंटा झाली, एवढं त्यांना पुरतं. लंडन विद्यापीठातल्या रॉयल हॉलोवे कॉलेजच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी तीस-बत्तीस किलोमीटरहून जास्त वेगानं येणारी गाडी जवळ येते आहे हे खात्रीनं ओळखता येत नाही. हा खोडकरपणा नाही आणि दुर्लक्षही नाही. ती जाण त्या वयात पुरती आलेलीच नसते. फाटकापाशी मूल आणि गाडी समोरासमोर आले, तर लक्ष देण्याची सगळी जबाबदारी गाडीतल्या माणसावर पडते. तिथे दुसरं कुणी सज्ञान नसतंच.

आपल्या ठाण्यात तर या जागा मुळातच दाटीच्या. घोडबंदरवर मेट्रो ४ चं काम, पत्र्यांच्या आडोशांनी आखडलेले रस्ते, सर्व्हिस रोडवर दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, त्यांना लागून दुसऱ्या रांगेत थांबलेल्या व्हॅन, आणि त्यांच्या फटीतून डोकावणारं साडेतीन-चार फुटांचं मूल. नौपाड्यात, पाचपाखाडीत रस्ते जुने आणि अरुंद. दुपारी साडेबाराला सकाळचं अधिवेशन सुटतं आणि दुपारचं भरतं, तेव्हा येणारी-जाणारी मुलं एकाच फाटकाशी गोळा होतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पाऊस. रेनकोटची टोपी डोक्यावर ओढलेल्या मुलाला बाजूचं दिसत नाही, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला वर सांगितलं त्याहून जास्त अंतर लागतं. अशा शंभर-दोनशे मीटरच्या पट्ट्यात कुणाचंही अर्धं मन चालणार नाही.

आता जे सांगणार आहे ते वाचताना थोडं टोचेल. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. रोज सातच्या सुमारास, म्हणजे मुलं शाळेपाशी पोचायच्या नेमक्या वेळी, तुम्ही दादांना फोन करता आणि ते लगेच उचलतात. त्यांचा आवाज शांत वाटला म्हणून तुम्हाला धीर येतो. पण तुमची मुलगी ज्या गाडीत आहे, त्या गाडीच्या चालकाचं लक्ष त्या वेळी तुम्हीच मागून घेत असता. तुमच्यासारखीच बाकीची घरंही फोन करत असतील. आणि टँकरचं विचारणारे? तेही आपल्याच इमारतीतले. तीनशे चार नंबरला पाणी गेलंय, अंगावर साबण आहे, लगेच सेक्रेटरीला फोन. दादा उचलतात, कारण न उचलणारा सेक्रेटरी आपल्याला चालत नाही. ते चांगले आहेत, म्हणूनच उचलतात. त्यांची फोनवर बोलायची खोड आहे असं धरून तुम्ही त्यांच्याकडे गेलात, तर निम्मीच गोष्ट घेऊन जाल. उरलेली निम्मी आपण सगळ्यांनी मिळून तयार केली आहे.

गाडीत शेजारी बसलेला माणूस आणि फोनवरचा माणूस यांत मोठा फरक असतो. शेजारचा चौक आला की आपोआप गप्प होतो, 'अहो, सायकल' म्हणून ओरडतो. २००८ मध्ये ड्र्यूज, पासुपती आणि स्ट्रेयर या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं, की सोबतच्या माणसाशी बोलणारे चालक फोनवर बोलणाऱ्यांपेक्षा बरे ठरले, कारण बोलणं रस्त्याच्या कलानं कमी-जास्त होत होतं. तुम्ही स्वयंपाकघरातून फोन करता तेव्हा तुम्हाला रस्ता दिसत नाही. तुम्ही विचारत राहता, आणि ते उत्तर देत राहतात.

म्हणून दादांकडे जाताना रिकाम्या हातानं, फक्त तक्रार घेऊन जाऊ नका. आपल्या बाजूनं काय करणार ते आधी ठरवून जा. रविवारी संध्याकाळी, शक्यतो मिस्टरांना बरोबर घेऊन. फोनवर नको, ग्रुपवर तर मुळीच नको. वहिनी घरी असल्या तर चांगलंच, पण मुलं समोर नकोत. मी असं काहीसं बोलेन :

"दादा, शुक्रवारी ब्रेक जोरात लागला ते कळलं. तो मुलगा वाचला, तुम्ही वाचवलात. पण तेव्हापासून मला झोप नाही. मी स्वतः तुम्हाला ऐन शाळेपाशी फोन करत होते, ते आजपासून बंद. मुलं गाडीत असताना तुमचा फोन वाजूच नये अशी व्यवस्था आपण करू या. टँकरचे फोन त्या वेळेत दुसरं कुणीतरी घेईल. तुम्ही फक्त फोन बंद करून मागे ठेवा. मुलं चढल्यापासून उतरेपर्यंत ब्लूटूथही नको."

शेवटचं वाक्य गाळू नका. संकोचानं तिथेच आपण अडखळतो आणि 'बघा जमलं तर' म्हणून उठून येतो. मग ते गुळमुळीत बोलणं दोन दिवसांत विरून जातं. सासऱ्यांच्या वेळचे उपकार आहेतच, ते आठवून मान द्या, आवाज खाली ठेवा, पण मागणी पूर्ण करा. 'घरी सांगू नका' याबद्दलही तिथेच बोला, एकाच वाक्यात: "मुलांना मात्र असं सांगू नका दादा, काहीही झालं तरी त्यांनी घरी सांगावं असं मला वाटतं." तिथून विषय पुढे न्या.

टँकरच्या कामासाठी माणूस शोधणं अवघड नाही. सकाळी साडेसहा ते सव्वासात एवढाच वेळ आहे. समितीतले दुसरे कुणी, एखादे निवृत्त काका, कुणीही. सोसायटीच्या ग्रुपवर दादांच्या संमतीनं एक ओळ टाकायची : शाळेच्या दिवशी या वेळेत सेक्रेटरी गाडी चालवत असतात, पाण्यासाठी अमुक नंबरवर फोन करा. त्यात कुणाची चूक दाखवलेली नाही, त्यामुळे कुणाचा मान जात नाही. आणि 'पोचलात का' याला उत्तर म्हणून दादांनी मुलं उतरल्यावर, गाडी कडेला उभी असताना, ग्रुपवर एक अंगठा टाकावा. तो सात वाजून दहा मिनिटांनी आला नाही म्हणून फोन करायचा नाही. सकाळच्या घोडबंदरवर दहा मिनिटं इकडची तिकडे होतातच. जीव टांगणीला लागतो, हे मला कळतं. तरी नाही करायचा.

हे सगळे नियम मंगळवार-गुरुवारी तुम्हालाही लागू, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा मिस्टरांनी तुम्हाला 'माझे मोजे कुठे' म्हणून फोन करायचा नाही.

कपाळ आपटलं यावरून मला आणखी एक शंका आहे. चौघंही मागच्या सीटवर बसतात का? बहुतेक गाड्यांत मागे तीनच पट्टे असतात, म्हणजे एक मूल मोकळं. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची आसनव्यवस्था हवी हे कलम १९४ब मध्ये स्पष्ट आहे, आणि न केल्यास चालकाला हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, लक्ष असलेल्या चालकालाही कधीतरी जोरात ब्रेक लावावा लागतो. जितके पट्टे तितकीच मुलं. त्यासाठी चौथ्या घराची वेगळी सोय करावी लागली तरी चालेल. तुमच्या गाडीतही हेच बघा.

उतरायची जागाही ठरवून टाका. फाटकासमोर नकोच. शाळेच्या फाटकाशी गाडी उभी करणं तसंही नियमाबाहेरचं आहे, आणि तिथली दाटी आपण पालकच करतो. थोडं अलीकडे, डाव्या हाताला पदपथ असेल अशी जागा शोधा. रस्त्याच्या बाजूच्या दाराला चाइल्ड लॉक लावा, म्हणजे मुलं पदपथाच्या बाजूनंच उतरतील. परत आणताना 'मी इथे आहे, तू कुठे आहेस' हे फोन त्यामुळे आपोआप संपतील, कारण जागा ठरलेली असेल.

शाळेकडेही जायला हवं, पण ते या आठवड्याचं काम नव्हे. महाराष्ट्रात स्कूलबससाठी २०११ चे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे अधिकारी तिच्यात असतात. पालक-शिक्षक संघातून विचारा की आपल्या शाळेची समिती शेवटची कधी बसली. तिच्यापुढे दोन साध्या मागण्या ठेवता येतील. फाटकाच्या दोन्ही बाजूंना काही अंतर शाळा भरताना-सुटताना मोकळं ठेवणं ही एक. दुसरी माझी आवडती : शाळेचे मेसेज सुटायच्या वेळी पाठवू नयेत. साडेबाराला पालक गाडीत बसून फाटकाकडे येत असतात आणि त्याच मिनिटाला खिशात गृहपाठ, सहल, फी यांचे मेसेज धडाधड वाजू लागतात. तेच दीड वाजता पाठवले तर कुणाचं काय अडतं? याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. वर्गाच्या ग्रुपवरच्या आयांनाही हेच सांगता येईल.

आता तुम्ही न विचारलेलं. दादांनी ऐकलं नाही तर? 'इतकी वर्षं चालवतोय, काही झालं का' असं म्हणाले तर? तर वाद घालू नका. "तुमचा राग नाही दादा, पण तिला मी स्वतः सोडेन" असं म्हणून उठा आणि तसंच करा. शाळेची बस घ्या, तिच्यात महिला मदतनीस असते. नाहीतर रोज तुम्ही न्या. नाहीतर वार मिस्टरांशी वाटून घ्या, कारण ब्लूटूथची बाजू त्यांनीच घेतली होती. आणि बाकीच्या दोन घरांना कारण सांगा. दादांची बदनामी न करता, पण खरं कारण. त्यांचीही मुलं त्याच गाडीत आहेत. शेजार थोडा दुरावेल. दिवाळीच्या फराळाला पुन्हा जवळ येईल, नाहीतर नाही येणार. तेवढी किंमत मी मोजेन, आणि तुम्हीही मोजावी असं मला वाटतं.

पण मला वाटत नाही तशी वेळ येईल. रात्री-अपरात्री शेजारच्या म्हाताऱ्या माणसासाठी गाडी काढणारा माणूस आहे तो. शुक्रवारनंतर तोही नीट झोपला नसेल. कुणीतरी येऊन विषय काढावा अशी वाट बघत असेल, असंही असू शकतं.

सोमवारची पाळी तुम्ही मागून घ्या. दादांना पहिल्याच सकाळी तुमच्या नजरेसमोर परीक्षा दिल्यासारखं वाटणार नाही, आणि टँकरचा नंबर सगळ्यांपर्यंत पोचवायला एक दिवस मिळेल. बुधवारी त्यांची पाळी. त्या सकाळी मुलं निघाली की तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.